लक्ष्मी छापणाऱ्यांचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नवी वही मांडतो, तिच्या पहिल्या पानावर 'श्री' काढतो आणि वहीच्या मागे लक्ष्मीची तसबीर टेकवून ठेवतो. ही तसबीर आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. तळ्यातल्या कमळावर उभी असलेली चतुर्भुज देवी, दोन हातांत दोन कमळे आणि शेजारी सोंडेत माळ धरलेला हत्ती. लक्ष्मीचे रूप असेच असते असे आपण इतके गृहीत धरून चाललो आहो की, हे रूप कुणा एका माणसाने काढले, ते एका छापखान्यात दगडावर उतरवून छापले गेले आणि त्या छापखान्याला भांडवल, भागीदार, कारागीर व देणेकरी असे सगळे काही होते, याचा आपल्याला विसर पडतो. नवलाची गोष्ट अशी की, ज्या पेढीने घरोघर लक्ष्मी पोहोचवली, तिच्या स्वतःच्या वहीत मात्र लक्ष्मी फार दिवस राहिली नाही.

चित्रे विकणे हा धंदा कसा आहे, त्यात पैसा गुंतवावा काय, हा प्रश्न आज नव्याने विचारला जात आहे. हल्ली इंटरनेटवरून चित्रांचे लिलाव होतात, त्यांच्या कंपन्या निघतात आणि त्या कंपन्यांचे भाग घ्या असे सांगणारी माणसे आपल्या दारीही येतात. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी इतिहासाकडे वळलो, याचे कारण उघड आहे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही. अर्थशास्त्राची मोठी पुस्तके माझ्या आवाक्याबाहेरची. पण गोष्ट सांगणे आणि गोष्टीतून अर्थ काढणे हा माझा रोजचा उद्योग आहे. आणि या धंद्याची गोष्ट आपल्या गिरगावातून आणि आपल्या पुण्यातून गेलेली आहे.

पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली चित्रशाळा काढली. 'केसरी' अजून निघायचा होता, न्यू इंग्लिश स्कूलही निघायचे होते. शास्त्रीबुवांच्या निबंधांची धार सर्वांना माहीत आहे. पण हा निबंधकार चित्रांचा छापखाना काढतो याचा अर्थ फार थोड्यांनी लक्षात घेतला. ज्याला वाचता येत नाही त्याच्याही भिंतीपर्यंत पोहोचता येते, हे त्यांनी ओळखले होते. चित्रशाळेचे रामपंचायतन आणि पेशवाईतल्या पुरुषांची चित्रे महाराष्ट्रभर गेली.

दुसरीकडे त्रावणकोरच्या राजघराण्याशी नाते असलेले राजा रविवर्मा (जन्म १८४८) तैलचित्रे काढून संस्थानिकांचे दिवाणखाने सजवीत होते. त्रावणकोरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांनी त्यांना सुचवले होते की, तुमची चित्रे युरोपात पाठवून रंगीत छापून घ्या; चाहते खूप आणि तुमचे हात दोनच. ही सूचना वाचली की वाटते, आज इंटरनेटवर चित्रे मांडणारा जे बोलतो तेच हे बोलणे! एका चित्राचे एकच गिऱ्हाईक का असावे? राजवाड्यातले चित्र चाळीतल्या खोलीत का जाऊ नये?

रविवर्म्यांनी युरोपला चित्रे पाठवण्याऐवजी युरोपातली यंत्रेच मुंबईला आणली. १८९४ साली गिरगावात त्यांचा शिळाछापखाना सुरू झाला. जर्मनीहून कारागीर आले. भांडवलासाठी भागीदार घेतला. धाकटे बंधू सी. राजा राजवर्मा, जे स्वतः उत्तम चित्रकार होते, ते हिशेब आणि व्यवस्था पाहू लागले. पहिल्या चित्रांत शकुंतलेचा जन्म होता. मागून लक्ष्मी आली, सरस्वती आली. माल उत्तम होता आणि मागणी अमर्याद होती. असे असताना धंदा चालायला हरकत काय होती?

हरकती एकामागून एक आल्या. एकेका चित्राला रंगागणिक वेगळा दगड लागे. दगड, शाई, कागद आणि कारागीर हा सारा खर्च चित्र विकण्याआधीचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, माणसे शहर सोडून पळाली. छापखाना आधी घाटकोपरला व मग लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावा लागला. शिवाय चित्र लोकप्रिय झाले की त्याची नक्कल करून स्वस्तात छापणारे पुढे येत. कर्ज वाढत गेले आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी छापखाना चित्रांच्या हक्कांसकट फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती विकला गेला. राजवर्मा १९०५ साली वारले, रविवर्मा १९०६ साली.

याच्या पुढचा भाग मला सर्वांत बोधप्रद वाटतो. श्लायशर चित्रकार नव्हता. त्याने तेच दगड आणि तीच यंत्रे घेतली. पण नुसत्या देवादिकांवर विसंबून न राहता मालावर चिकटवायच्या चिठ्ठ्या, जाहिरातींची चित्रे अशी रोजची कामे धरली. छापखाना चालला. दादासाहेब फाळके याच छापखान्यासाठी काम करत होते. पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, त्याचे नावही लक्ष्मीचेच, 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स'. आणि भागीदारांशी न पटल्यामुळे तो सोडून ते सिनेमाकडे वळले. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत भस्मसात झाला. तात्पर्य, चित्र मोठे असणे निराळे आणि चित्राची पेढी मोठी असणे निराळे. पहिल्याने डोळे दिपतात, म्हणून दुसऱ्याचा हिशेब पाहायचा राहून जातो.

*

आता हा प्रश्न माझ्यापुढे कसा आला ते सांगतो. आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर सेवानिवृत्त झाले. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या सरकारी परीक्षांना त्यांनी तीस वर्षे मुले बसवली. ड्रॉइंगचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांनी मागून घ्यायचा तास, ही आमच्या शाळांची रीत. ती त्यांनी हसत सोसली. निवृत्तीनंतर फंडाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हातात आली, आणि त्यांचा एक जुना विद्यार्थी एका नव्या कंपनीचे माहितीपत्रक घेऊन त्यांच्याकडे आला. कंपनी इंटरनेटवरून चित्रे विकणारी. माहितीपत्रक गुळगुळीत कागदाचे, आत लाखालाखांच्या किमतींची चित्रे.

मास्तर ते पत्रक घेऊन माझ्याकडे आले. मला म्हणाले, "सर, तुम्ही जुने कागद वाचता. हे वाचून सांगा." मग थोडे थांबून म्हणाले, "जन्मभर लोक विचारीत आले, चित्राने पोट भरते का? आता कुणी तरी भरते म्हणतो आहे."

या दुसऱ्या वाक्यातच खरी अडचण होती. मास्तर व्याजाचा दर पाहत नव्हते. ते आपल्या आयुष्याच्या बाजूने एक साक्षीदार शोधत होते. असा माणूस फसत नसतो, तो राजीखुशीने विश्वास ठेवतो, आणि म्हणून त्याच्या बाबतीत अधिक काळजीने बोलावे लागते. मी त्यांच्याकडून महिनाभराची मुदत मागून घेतली. त्या महिन्यात जे वाचले आणि जुळवले ते पुढे मांडतो.

*

पहिली गोष्ट अशी की, ज्याला आज इंटरनेटवरची चित्रपेठ म्हणतात तिचा धंदा आपल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांना नवा नाही. तो अडत्याचा धंदा आहे. लासलगावच्या बाजारात कांदा शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा आणि अडत्याची जागा, तराजू व पत. मालाचा भाव चढो वा पडो, अडत्याला अडत मिळते. म्हणूनच मला कुणी सांगितले की "चित्रांच्या किमती वाढताहेत, सबब चित्रे विकणारी कंपनी घ्या," तर मी विचारतो, कांदा महागला म्हणजे अडत्याचा वाडा चढतो काय? थोडा चढतो, पण अडत्याचे खरे पोट भावावर नसून आवकेवर असते. रोज किती गाड्या येतात, आणि आज आलेला शेतकरी पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो की नाही, यावर.

चित्रांच्या अडतीत सर्वांत जुनी घरे लंडनची. सॅम्युअल बेकर या पुस्तकविक्याने १७४४ साली पहिला लिलाव केला. त्यातून सदबीज निघाली. जेम्स ख्रिस्ती याने १७६६ साली लिलावघर काढले, ते ख्रिस्तीज. अडीचशे वर्षे टिकलेल्या या पेढ्यांचे भांडवल म्हणजे त्यांचे नाव. 'हे चित्र खरे आहे' असे त्या म्हणाल्या की लोक मानत. विकणाऱ्याकडून अडत घेण्याची रीत जुनीच होती. १९७५ साली दोन्ही घरांनी घेणाऱ्याकडूनही अधिभार घ्यायला सुरुवात केली. म्हणजे दोन्ही काठांवर जकात.

धंदा इतका भरभराटीचा दिसतो, तरी वास्तव काय होते? दोन पेढ्यांत मोठा विकणारा ओढून घेण्याची स्पर्धा इतकी जीवघेणी झाली की त्याची अडत माफ करण्यापर्यंत पाळी आली. यातून सुटायला १९९० च्या दशकात दोघांच्या वरिष्ठांनी अडतीचे दर गुपचूप एकत्र ठरवले. २००० साली ते उघडकीस आले. गिऱ्हाइकांच्या दाव्यांपोटी दोन्ही घरांना मिळून ५१ कोटी २० लाख डॉलर भरावे लागले, आणि सदबीजचे अध्यक्ष अल्फ्रेड टॉबमन यांना २००२ साली तुरुंगात जावे लागले. मला या प्रकरणातली नीती-अनीती इथे चघळायची नाही. मी त्यातला धंदा पाहतो. जगात दोनच मोठी दुकाने, आणि तरीही त्यांना सरळ मार्गाने पुरेसा नफा सुटत नव्हता! सदबीज पुढे २०१९ साली पॅट्रिक द्राही यांनी सुमारे ३७० कोटी डॉलरला विकत घेतली, आणि शेअरबाजारातून तिचे नाव निघाले. ख्रिस्तीज त्याआधीच, १९९८ साली, फ्रान्वा पिनो यांच्या खाजगी मालकीची झाली होती. अतिश्रीमंतांना या पेढ्या हव्याशा वाटतात. त्यांत प्रतिष्ठेचा भाग मोठा असतो. ड्रॉइंगमास्तरांच्या फंडाला प्रतिष्ठा खाऊन जगता येत नाही.

*

पेढीचा भाग न घेता चित्रेच घेऊन ठेवली तर? हाही प्रयोग झालेला आहे. १९०४ साली पॅरिसमध्ये आंद्रे लेव्हेल या गृहस्थाने तेरा मित्रांची एक भिशी जमवली. भिशीचे नाव 'अस्वलाचे कातडे'. अस्वल मारण्याआधी कातड्याचा सौदा करू नये, अशी तिकडची एक गोष्ट आहे तिच्यावरून. दर वर्षी वर्गणी काढायची, तिच्यातून तरुण चित्रकारांची चित्रे घ्यायची, आपापल्या घरी टांगायची आणि दहा वर्षांनी विकून टाकायची. २ मार्च १९१४ रोजी लिलाव झाला. घातलेल्या पैशाचे सुमारे चौपट झाले. पिकासोने रंगवलेले डोंबाऱ्यांच्या कुटुंबाचे मोठे चित्र, भिशीने १,००० फ्रँकला घेतलेले, ११,५०० फ्रँकला गेले. आणि या माणसांनी नफ्याचा पाचवा हिस्सा चित्रकारांना वाटून दिला. त्यांना कायद्याने तसे सांगितले नव्हते. पाच महिन्यांनी महायुद्ध सुरू झाले. तोच लिलाव वर्षभर लांबला असता तर आज आपण ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

दुसरा प्रयोग ब्रिटिश रेल्वेच्या पेन्शन फंडाचा. १९७४ पासून पुढच्या काही वर्षांत त्यांनी सुमारे ४ कोटी पौंड चित्रे आणि कलावस्तूंत घातले. पैसा रेल्वेतल्या कामगारांचा, म्हणजे आपल्यासारख्यांचाच. फंडाला तोटा झाला नाही. इम्प्रेशनिस्ट चित्रे १९८९ साली ऐन तेजीत विकली गेली आणि त्यांनीच फंडाची बाजू सावरली. इतर पुष्कळ वस्तूंनी मात्र फारसे काही दिले नाही. दोन्ही गोष्टींत एक धागा आहे. पुष्कळ चित्रे घ्यावीत, पुष्कळ वर्षे थांबावे, आणि विकण्याची वेळ आपण ठरवावी. सेवानिवृत्त माणसाजवळ या तिन्ही गोष्टी नसतात. मुलीचे लग्न किंवा घरातले आजारपण तेजीची वाट पाहत नाही.

*

आता इंटरनेटकडे येऊ. १९९९ साली अमेझॉनने सदबीजमध्ये साडेचार कोटी डॉलर घातले आणि दोघांनी मिळून नोव्हेंबरात इंटरनेटवर लिलावाची पेठ मांडली. एकाकडे नाव, दुसऱ्याकडे गिऱ्हाईक. याहून उत्तम जोडी कोणती? जोडपेठ वर्षाच्या आत, ऑक्टोबर २००० मध्ये बंद झाली. मग २००२ साली सदबीजने ईबेबरोबर संसार थाटला. तो २००३ साली मोडला.

त्यातही एक झगमगता प्रसंग आहे. जून २००० मध्ये सदबीजने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची १७७६ सालची एक छापील प्रत इंटरनेटवरून ८१ लाख ४० हजार डॉलरला विकली. ही प्रत कुणाला तरी जुन्या बाजारात चार डॉलरला घेतलेल्या एका चित्राच्या चौकटीत, मागच्या बाजूला दडलेली सापडली होती! अशी गोष्ट वर्तमानपत्रांत येते, माणसे माळ्यावरच्या तसबिरी उतरवून पाहू लागतात, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात ती पहिल्या पानावर बसते. पण एका जाहीरनाम्याने पेढी चालत नाही. असा जाहीरनामा दर सोमवारी सापडत नाही. पगार मात्र दर महिन्याला द्यावे लागतात.

बर्लिनची ऑक्शनाटा ही कंपनी २०१२ साली निघाली. स्टुडिओतून थेट लिलाव दाखवायचे आणि जगभरातून बोली घ्यायची, अशी तिची युक्ती होती. २०१३ साली तिने एगॉन शीले या चित्रकाराचे जलरंगातले चित्र सुमारे १८ लाख युरोला विकले आणि तिचे नाव झाले. गुंतवणूकदारांनी कोट्यवधी ओतले. २०१६ साली न्यूयॉर्कची पॅडल-एट ही तशीच कंपनी तिच्यात विलीन झाली. जानेवारी २०१७ मध्ये ऑक्शनाटाने दिवाळे काढले. पॅडल-एट वेगळी होऊन काही काळ तगली. मार्च २०२० मध्ये तिनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या सुमारास एका विनानफा चित्रपटसंस्थेने तिच्यावर दावा लावला होता. आमच्या मदतीसाठी झालेल्या लिलावाचे लाखावर डॉलर कंपनीने आमच्या हाती दिलेच नाहीत, अशी तिची तक्रार होती.

ही तक्रार मी मास्तरांना दोनदा वाचून दाखवली. अडत्याच्या गल्ल्यात दिसणारी रोकड त्याची नसते, शेतकऱ्याची असते. लिलावाच्या कंपनीच्या ताळेबंदात भरपूर रोकड दिसली, तर ती कुणाची आहे हे देण्याच्या बाजूला पाहावे. विकणाऱ्यांचे देणे वजा करून काय उरते तेवढेच कंपनीचे.

या साऱ्यांत आर्टनेट या कंपनीची चाल निराळी. हान्स नॉयेनडॉर्फ या जर्मन चित्रव्यापाऱ्याशी तिचे नाव जोडलेले आहे. १९८९ पासून तिने एक साधे पण चिवट काम केले: जगभरच्या लिलावांत कोणते चित्र केव्हा, किती किमतीला गेले, याची नोंदवही ठेवली, आणि ती पाहण्याचे पैसे घेतले. लिलावाच्या धंद्यातही ती उतरली, १९९९ साली जर्मन शेअरबाजारात आली, इंटरनेटवरचे तिचे पहिले लिलाव बंद पडले, पुढे २००८ साली पुन्हा सुरू झाले. पण गिऱ्हाईक परत परत आले ते नोंदवहीसाठी. चित्र माणूस क्वचित घेतो; भाव मात्र व्यापारी, विमावाले आणि वारस रोज विचारतात. इथेही श्लायशरचीच गोष्ट आहे: रोजचे काम पेढी तगवते. आणि तरीदेखील २०२५ साली दर शेअराला ११.२५ युरो देऊन एका गुंतवणूकसंस्थेने ही कंपनी घेतली आणि बाजारातून काढून घेतली, तेव्हा ती किंमत चालू भावाच्या जवळजवळ दुप्पट असूनही सारी कंपनी साडेसहा कोटी युरोंच्या आसपासच भरली. छत्तीस वर्षांच्या कष्टांची ही किंमत. त्याआधी चारच वर्षे, मार्च २०२१ मध्ये, संगणकावरच्या एका चित्राला ख्रिस्तीजच्या इंटरनेटवरच्या लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलर आले होते!

*

आपल्याकडे सॅफ्रनार्ट ही कंपनी २००० साली मुंबईत निघाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिने इंटरनेटवर पहिला लिलाव केला. जगभर इंटरनेटच्या कंपन्या कोसळत होत्या ते हे दिवस. ती टिकली. परदेशी राहणारे भारतीय हे तिचे गिऱ्हाईक, आणि चित्रे प्रत्यक्ष पाहता यावीत म्हणून मांडलेली प्रदर्शने हा तिचा आधार. २००२ साली तय्यब मेहतांच्या 'सेलिब्रेशन' या चित्राला ख्रिस्तीजमध्ये सुमारे दीड कोटी रुपये आले, आणि भारतीय चित्रांचा भाव ही वर्तमानपत्रांची बातमी झाली.

मग उतावळे आले. ओशियान्सने २००६ साली काढलेल्या कलानिधीत सुमारे १०२ कोटी रुपये जमा झाले. २००८ साली जगाचा बाजार कोसळला, चित्रांचे भाव पडले. त्याच वर्षी सेबीने बजावले की असे निधी म्हणजे सामूहिक गुंतवणूक-योजना होत, नोंदणीवाचून त्या चालवता येणार नाहीत. निधीची मुदत २००९ साली संपली, गुंतवणूकदारांचे पैसे अडकले, आणि २०१३ साली सेबीने ते परत करण्याचा हुकूम दिला.

आज भाव पुन्हा आभाळाला टेकले आहेत. अमृता शेरगिलचे एक चित्र २०२३ साली सॅफ्रनार्टने ६१ कोटी ८० लाखांना विकले. पंढरपूरच्या हुसेनांचे १९५४ सालचे 'ग्रामयात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तीजमध्ये सुमारे ११८ कोटींना गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये वासुदेव गायतोंड्यांचे १९७० सालचे चित्र सॅफ्रनार्टच्या लिलावात ६७ कोटी ८ लाखांना गेले. एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इंटरनेटवर जन्मलेली ही कंपनी आपली सर्वांत मोठी चित्रे आता सभागृहात, हातोडा आपटून विकते. कोट्यवधींचे चित्र घेणारा माणूस ते डोळ्यांनी पाहू इच्छितो आणि आपण ते घेतले हे चार लोकांनी पाहावे असेही त्याला वाटते.

यातच इंटरनेटच्या चित्रपेठेचे कोडे आहे. लाखाचे चित्र असो की कोटीचे, ते खरे की खोटे हे तपासणे, छायाचित्र घेणे, विमा, बांधणी, वाहतूक, गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार, हा खर्च फारसा बदलत नाही. अडत मात्र किमतीवर मिळते. समजा, शेकडा पंधरा अडत धरली. तर दहा हजारांच्या चित्रावर दीड हजार सुटणार आणि त्यातच हे सगळे भागवायचे. म्हणजे स्वस्त चित्रांत गिऱ्हाईक आहे पण नफा नाही, महाग चित्रांत नफा आहे पण तिथे जुनी घरे बसली आहेत. शिवाय आपल्या कायद्याने रविवर्मा, शेरगिल, रवींद्रनाथ, जामिनी रॉय अशा नऊ कलावंतांची चित्रे देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यांच्यापुरते जगाचे गिऱ्हाईक कायद्यानेच कमी झाले.

हे सगळे मी मास्तरांना सांगितले, आणि आम्ही दोघांनी मिळून कंपनीला पत्र लिहिले. पत्रात चारच प्रश्न होते. तुम्ही सांगता तो शंभर कोटींचा आकडा विकलेल्या चित्रांचा की तुमच्या अडतीचा? बँकेतल्या रोकडीपैकी विकणाऱ्यांचे देणे किती? चित्र नकली निघाले तर पैसे कोण परत देतो, आणि किती वर्षांपर्यंत? आणि ज्याने तुमच्याकडून एकदा चित्र घेतले, अशा शंभरांतले किती जण पुन्हा आले?

तीन आठवड्यांनी सभ्य उत्तर आले. आकडा चित्रांचा होता, अडत त्याच्या सातव्या हिश्शाएवढी. विकणाऱ्यांचे देणे किती तेही कळवले होते, आणि ते रोकडीच्या निम्म्याहून अधिक होते. नकली मालाबद्दल एक नियमावली जोडली होती. चौथ्या प्रश्नाला उत्तर नव्हते. नवीन गिऱ्हाइकांची संख्या कशी वाढते आहे याचा एक रंगीत आलेख होता.

मास्तरांनी आलेख बराच वेळ पाहिला. चित्रकाराची नजर, त्यांनी पेन्सिलने दाखवले की उभ्या रेषेचा आरंभ शून्यापासून नाही, म्हणून चढ एवढा उंच दिसतो. मग ते हसले. फंडाची रक्कम त्यांनी पोस्टातल्या ज्येष्ठांच्या योजनेत ठेवली, आणि चौथ्या प्रश्नासाठी कंपनीला दुसरे पत्र टाकले. त्याचे उत्तर हा लेख लिहीपर्यंत आलेले नाही. आले आणि चांगले आले, तर थोडे भाग घ्यायला माझी हरकत नाही. मात्र जे बुडाले तरी घरातला चहा बंद होणार नाही एवढेच.

पण त्यांचा मूळ प्रश्न व्याजाचा नव्हता, हे मी वर म्हटलेच आहे. चित्राने पोट भरते का? मी त्यांना आणखी एक हिशेब दाखवला. गायतोंडे नागपुरात जन्मले, गिरगावच्या चाळीत वाढले, जे. जे. स्कूलमध्ये शिकले, आणि २००१ साली दिल्लीत वारले. आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी तिथे अगदी साधेपणाने काढला. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ सालच्या दुरुस्तीने असे कलम घातले गेले आहे की दहा हजारांवर किंमत आलेले मूळ चित्र पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला त्यातला हिस्सा मागता येतो, कमाल शेकडा दहा. कलम आहे, पण किती चित्रकारांना ते ठाऊक आहे? 'अस्वलाचे कातडे'वाल्यांनी शंभर वर्षांपूर्वी न मागता पाचवा हिस्सा दिला होता.

तेव्हा मास्तरांनी दुसऱ्या पत्राला एक ताजा कलम जोडला: या कलमाप्रमाणे आपण आजवर किती चित्रकारांना हिस्सा पोहोचवला? माझ्या मते गुंतवणूकदाराने विचारायचा हा पाचवा प्रश्न आहे, आणि तो दानधर्माचा नाही. ज्या अडत्याच्या दारी शेतकरी पुन्हा येत नाही, त्याचा तराजू सोन्याचा असला तरी फार दिवस हलत नाही.